तणमोराचा आवाज, चंडोलाचा गळा

नायगाव
११ ऑगस्ट २०२५

बुद्धप्रिया, जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फाडलं नसशील, तर एवढं वाच. फोनवर तू मला बंद करून ठेवलंस त्याला चार वर्षं होत आली. घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून दवाखान्याच्या पत्त्यावर टाकतेय. लातूरच्या त्या दवाखान्यात बुद्धप्रिया नावाची दुसरी नर्स नसावी, या भरवशावर.

काम माझं नाही, लुंबिनीचं आहे. मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. 'आत्या, बाबाच्या एका वहीत तणमोर आणि चंडोल यांची तुलना होती. ती पाठव.' ना कशी आहेस, ना जय भीम. पोरगी सरळ माझ्यावर गेली आहे. वही तिला परस्पर पाठवता आली असती. पण तू तिला माझ्याशी बोलू नको म्हणून बजावलंस, आणि ते बरोबरच केलंस. म्हणून तुझ्यामार्फत.

आमच्या शाळेतल्या मृत्युंजय सरांची मुलगी तिच्याच क्लासला आहे. त्यांच्याकडून कळलं की लुंबिनी तुझ्याजवळ राहत नाही. एकाच शहरात आई, आणि पोरगी होस्टेलवर. रविवारी तू डबा घेऊन जातेस, ती खाली येते, डबा घेते आणि वर निघून जाते. ती अशी का वागते ते तुला माहीत आहे आणि मलाही. आनंद गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तेरा वर्षांच्या त्या लेकराला जवळ घेऊन मीच सांगितलं होतं, 'बाबानं शेवटचा फोन तुझ्या आईलाच केला होता गं. तिनं उचलला नाही.' तू त्या वेळी एका बाईचं बाळंतपण करत होतीस आणि फोन कपाटात होता, हे सांगायचं मी राहू दिलं.

त्याबद्दल माफी मागायला हे पत्र नाही. माफी पत्रात मागायची नसते, एवढं मला कळतं. वहीबद्दल लिहिते.

वही सापडली. दोन रकाने आहेत, मधली रेघ आनंदने पट्टी न लावता ओढलेली. ग्रामसेवक माणूस, दिवसभर सरकारी तक्ते भरायचा आणि स्वतःच्या वहीत रेघ वाकडी काढायचा. डावीकडे तणमोर. माळढोकाच्या कुळातला, कोंबडीएवढा, पायाला मागचं बोट नाही, त्यामुळे फांदीवर बसताच येत नाही, सगळा जन्म जमिनीवर. उजवीकडे चंडोल, आपला छोटा तुरेवाला. चिमणीपेक्षा जरासा मोठा, मागच्या बोटाची नखी लांब. खाली आनंदने लिहिलंय, 'नातं इतकं लांबचं की लग्नपत्रिकेत एकमेकांचं नाव छापायची गरज नाही. पण दोघांचं घर एकच गवत. दोघांची अंडी उघड्या जमिनीवर. दोघांचे नर मादीसाठी वर चढतात. तणमोर गवतातून उडी मारतो, पंखांची टरटर करतो आणि पडतो, दिवसातून शेकडो वेळा. चंडोल उंच जाऊन तिथेच थांबून गातो.' शेवटच्या ओळीत तणमोरासमोर 'संकटग्रस्त' आणि चंडोलासमोर 'चिंता नाही' असं आहे. आनंद गेल्यावर तणमोर आणखी एक पायरी खाली गेला, आता तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. तेवढी दुरुस्ती मी लाल शाईने केली. त्याखाली प्रश्न आहे, 'फरक कशाने पडला?' आणि पुढे पान कोरं.

अपुरी वही पाठवायचं मला जमेना. काल रविवार होता, बोरीच्या माळावर गेले. चार वर्षांत पहिल्यांदा.

यंदा पाऊस चांगला झाल्यामुळे गवत कमरेएवढं आहे. वाटेवर चिखल, बाकी सगळं तसंच. तो पडला त्या बाजूला, पळसाकडे, गेले नाही. त्या दिवशी मी खाली सडकेजवळ होते आणि एक वाजता त्याला शोधायला वर गेले, हे तुला तेव्हाच सांगितलंय. काल साडेदहाच्या सुमाराला टरटर ऐकू आली. लाकडी खुळखुळा जोरात फिरवावा तशी, मग थांबायची, मग पुन्हा.

हा तणमोराचा आवाज आहे. आनंदनेही शेवटच्या आठवड्यात हाच ऐकल्याचं सांगितलं होतं, आणि मी त्याला वेड्यात काढलं होतं. तो लहान असताना या माळावर तणमोर होता म्हणतात. त्यानंतर कोणी पाहिलेला नाही. मी गवतात बघत राहिले, कुठे काळं पांढरं उसळतंय का. काही उसळलं नाही. मग लक्षात आलं, आवाज गवतातून येतच नव्हता. तो वरून येत होता, आभाळातून, आणि वर काहीही नव्हतं.

मी निघून आले. भीती वाटली हे लिहिणार नव्हते. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या बाईला लख्ख उजेडात भीती वाटली, वाच आणि हस.

पंचशीला


नायगाव
२५ ऑगस्ट २०२५

बुद्धप्रिया,

तुझं उत्तर आलं नाही, पाकीटही परत आलं नाही. शिक्षकाला एवढी खूण पुरते.

मी पुन्हा तिथे गेले. विज्ञान शिकवण्यात तीस वर्षं घालवून आभाळातल्या आवाजाला घाबरून घरी बसले असते, तर उरलेली दोन वर्षं कोणत्या तोंडाने शिकवलं असतं? दुर्बीण घेतली, आनंदचीच. पट्ट्याला त्याच्या घामाचा वास अजून आहे असं मला वाटलं. नसेलही.

माळावर गुरम्मा भेटली. धर्माबादच्या पलीकडून, तेलंगणातून लग्न करून आलेली म्हातारी, इथेच शेळ्या राखते. आनंद तिच्याशी अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलायचा. मी तिला विचारलं, 'वरून आवाज येतो तो तुम्ही ऐकला का?'

'कंचा इचारताव बाई? टरटरीचा का दुसरा?'

'दुसरा कुठला?'

ती शेळ्यांना हाकारून निघाली. थोडं गेल्यावर वळून म्हणाली, 'म्या पळसाच्या अंगाला शेळ्या न्हेतच न्हाई. तुमी बी जाऊ नका. तुमचं मानूस हाय ते, म्हून सांगून राहिले.'

मला राग आला. असल्या बोलण्यावर मला नेहमीच राग येतो. मी मुद्दाम पळसाकडे तोंड करून बसले. नऊला टरटर सुरू झाली. दुर्बीण आभाळात फिरवत राहिले, मान अवघडली, आणि मग तो सापडला. ढगाखाली एक ठिपका, पंख फडफडवत एका जागी लटकलेला. तुरा दिसला. चंडोल होता, बुद्धप्रिया! चिमणीएवढा चंडोल, आणि गळ्यातून तणमोराच्या पंखांची टरटर.

हा पक्षी नकला करतो हे मला माहीत होतं. टिटवी करतो, घार करतो, कोतवाल करतो. त्या सकाळीही टरटरीनंतर त्याने टिटवी म्हटली, मग गुरम्माचं शेळ्यांना हाकारणं, अगदी तिच्या शेवटच्या हेलासकट. पण तणमोर? तो इथून नाहीसा झाला तेव्हा आताचे चंडोल अंड्यातही नव्हते. म्हणजे कुठल्या तरी चंडोलाने खरा तणमोर ऐकला, त्याचं ऐकून पुढच्याने घेतलं, त्याचं ऐकून त्याच्या पुढच्याने. तणमोर गेला आणि त्याची टरटर इथे नुसतीच फिरत राहिली, ज्याला तणमोर कधी दिसला नाही त्याच्या तोंडी. हे शास्त्रात बसतं का, मला सांगता येणार नाही. मी ऐकलेलं लिहिलं.

म्हणजे आनंद खोटं बोलत नव्हता. त्याने ऐकलंच होतं. आणि मीही चूक नव्हते, कारण तणमोर नव्हताच. याचा मला आनंद व्हायला हवा होता.

वहीतल्या प्रश्नाचं उत्तर मी लिहून टाकलंय. तणमोराला पावसाळ्याचे चार महिने न कापलेलं, न चारलेलं, न नांगरलेलं गवत लागतं, आणि ते सलग लागतं. आपल्याकडे त्याच चार महिन्यांत सोयाबीन असतं. गायरान नांगरलं गेलं, उरलं त्यावर कुत्री सुटली. नर उडी मारून स्वतःचा पत्ता सगळ्यांना सांगतो, मादी तीन-चार अंडी घालून त्यांवर बसून राहते. चंडोलाचं काही अडत नाही. सडकेकडेचा मुरूम चालतो, पडीक तुकडा चालतो, एक घरटं मोडलं की लगेच दुसरं. तडजोड करणारा उरतो, हट्टी जातो. लुंबिनीला परीक्षेत असं लिहायला सांगू नकोस, मार्क मिळणार नाहीत.

वही या पत्रासोबत पाठवणार होते. पण अजून एकदा जाऊन येते. गुरम्मा 'दुसरा' म्हणाली तो कुठला, ते राहिलंय.

पंचशीला


नायगाव
३ सप्टेंबर २०२५

बुद्धप्रिया,

आज शाळेत रजा टाकली आहे. 

तुला आमची शिट्ट्यांची पद्धत माहीत असेल, नसेल तर सांगते. माळावर पक्षी मोजताना आम्ही दोन समांतर रेषांत चालायचो, मध्ये तीन-चारशे पावलांचं अंतर. बोलायचं नाही, ओरडायचं नाही. एक छोटी शिट्टी म्हणजे ठीक आहे, चालत राहा. दोन म्हणजे काही दिसलं, वेळ लिहून घे. तीन लांब म्हणजे सगळं सोड आणि ये, बघण्यासारखं आहे. आनंदची तिसरी शिट्टी शेवटाला वर चढायची, त्याला ती सरळ कधी जमलीच नाही. पंधरा वर्षं तो या माळावर अशा शिट्ट्या मारत फिरला.

काल अकराच्या सुमाराला चंडोल वर गेला. टरटर झाली, टिटवी झाली. मग आभाळातून तीन लांब शिट्ट्या आल्या, आणि तिसरी शेवटाला वर चढली.

मी उठून उभी राहिले. पाय आपोआप पळसाकडे वळले, चार पावलं गेलेही. चार वर्षांपूर्वी मेलेला माणूस 'ये' म्हणत होता आणि मी निघाले होते. मग स्वतःला सांगितलं, पक्षी आहे. दुर्बिणीत बघितलं, पक्षीच होता, चोच उघडत मिटत होती. पंधरा वर्षं रोज ऐकलेली शिट्टी चंडोलाने उचलली, त्यात नवल काय?

तो तिथेच थांबला नाही. थोडा गप्प राहून पुन्हा तीन. पुन्हा गप्प, पुन्हा तीन. मग शिट्ट्या आखूड होत गेल्या. तिसरी वर चढेना. मग दोनच, आणि तिसरीच्या जागी नुसती हवा, दात नसलेल्या माणसाने फुंकर मारावी तशी. शेवटी एक, तीही अर्धी. मग पक्षी मिटून दगडासारखा खाली गवतात पडला, चंडोल उतरतात तसा, पळसापाशी.

पुन्हा वर गेला आणि पुन्हा तेच. त्याच क्रमाने. मी तिथे बसून चारदा ऐकलं.

पंधरा वर्षांत आनंदने पूर्ण शिट्ट्या किती मारल्या याचा हिशेब नाही. पण तुटलेल्या शिट्ट्या त्याने एकाच दिवशी मारल्या. एका दिवसात पक्षी शिकत नाही, हे मी वर्गात सांगेन. तरी त्याला ते येतं.

गुरम्मा लांब बांधावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, 'ऐकलं न्हवं? त्या दिशी बी असंच लई येळ वाजत हुतं. म्या म्हनलं, हाव, बहीन-भावाचं चाललंय, आपन कशाला मधी.'

म्हणजे तिला ऐकू गेलं होतं. ती तर बांधापलीकडे होती. मी सडकेजवळ होते आणि त्या दिवशी वारा माझ्याकडून त्याच्याकडे होता, त्यामुळे मला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण तू विचारलंच नव्हतंस.

आत्ता हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. तू विचारलं नव्हतंस तर मी उत्तर का देतेय?

पंचशीला


नायगाव
७ सप्टेंबर २०२५

बुद्धप्रिया,

मागच्या पत्रात खोटं आहे. पहिल्या पत्रातही आहे. हे पत्र वाचून झालं की लुंबिनीला दे. आधी दिलंस तरी चालेल.

१४ सप्टेंबर २०२१ ला मी सडकेजवळ नव्हते. मी माझ्या रेषेवर होते, मधल्या टेकाडाच्या अलीकडे, नेहमीसारखी.

सकाळीच आमचं वाजलं होतं. वर पाठवायच्या तक्त्यात त्याला 'तणमोर, एक नर, आवाजावरून' असं लिहायचं होतं आणि दुसरा निरीक्षक म्हणून माझी सही हवी होती. मी म्हटलं, पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. तो म्हणाला, 'ताई, तू मरताना बी पुरावा मागशील.' आणि स्वतःचा फोन माझ्या पिशवीत टाकला. 'कालचा आवाज ह्याच्यात हाय. चालता चालता ऐक, मग बोल.' मी तो ऐकला नाही. रागाने पिशवीची चेनसुद्धा उघडली नाही.

फोन माझ्या पिशवीत होता. हे वाक्य परत वाच.

अकराच्या सुमाराला तीन शिट्ट्या आल्या. ये, बघण्यासारखं आहे. मला वाटलं, आला याचा तणमोर. आता गवत दाखवून 'तिथं होता बघ' म्हणेल आणि सही मागेल. मी गेले नाही. परत आल्या. मी उलट दिशेला तोंड केलं आणि चालत राहिले. वारा त्याच्या बाजूला होता हे खरं आहे, तरी प्रत्येक शिट्टी स्वच्छ ऐकू येत होती. मी मोजल्या. मोजायलाच गेलेली बाई, दुसरं काय करणार? अकरा वेळा. शेवटच्या अर्धवट होत्या. मला वाटलं, थकला, आता जरा डोकं थंड होईल. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी जिंकले असं वाटलं.

आमच्या पद्धतीत 'मला काहीतरी होतंय' याची शिट्टीच नव्हती. पंधरा वर्षांत दोघांच्याही डोक्यात आलं नाही की पक्ष्यांपलीकडे काही कळवावं लागेल. त्याच्याजवळ जी होती ती त्याने मारली.

साडेबाराला मी टेकाड ओलांडलं. तो पळसापाशी कुशीवर होता. गेलेला होता. हात लावला तेव्हाच कळलं, आणि तू नर्स आहेस म्हणून सांगते, त्याच्या ओठांना फेस होता आणि दोन बोटं तोंडाशीच होती, शिट्टी मारतात तशी. मी सगळ्यांना सांगितलं होतं की हार्ट अटॅकने तो क्षणात गेला, काही कळलंही नसेल. तो अर्धा तास जात होता.

माझ्या फोनला रेंज नव्हती. त्याच्या फोनला होती. पिशवीतून तो काढला आणि तुझा नंबर लावला, कारण तो सगळ्यांत वर होता. बारा वाजून सदतीस मिनिटं. वाजून वाजून बंद झाला.

तो फोन आनंदने केला नव्हता. मी केला होता. तू उचलला असतास तरी त्याला काही उपयोग नव्हता, तो आधीच गेला होता. तुझ्या मोबाइलमध्ये तो मिस्ड कॉल तू जपून ठेवलास असं मृत्युंजय सरांची बायको म्हणत होती. तो माझा आहे. पुसून टाक.

नंतर सडकेवरून माणसं येताना दिसली, तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं. याच्याजवळ फोन नव्हता असं कळलं तर कोणीही विचारेल, मग याने मदतीला हाक कशी मारली? शिट्टी मारली असेल. मग तुम्हाला ऐकू कशी आली नाही बाई? मी फोन त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. बटण लावलं. दीड वाजता बाळंतपण आटोपून तू उलटा फोन केलास, तेव्हा तो टेम्पोत त्याच्या छातीवर वाजत होता आणि मी शेजारी बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, 'बघा, त्यानं केला होता तिला.' तिथून ते सुरू झालं. पुढे लुंबिनीला सांगितलं ते दुसऱ्यांदा होतं, आणि दुसऱ्यांदा जास्त सोपं गेलं.

तणमोर मेला आणि चंडोल उरला, तर चंडोल निदान त्याचाच आवाज आहे तसा म्हणून दाखवतो. मी उरले आणि आनंदच्या तोंडी मी माझं घातलं. वहीतल्या त्या प्रश्नाखाली हे लिहायला हवं होतं, पण ती वही पोरीची आहे, या पत्रासोबत पाठवतेय.

तिला तू दिसावीस म्हणून हे लिहितेय, मला काही मिळावं म्हणून नाही. खरं वाटत नसेल तर दोघी या. तो अजून रोज अकराला म्हणतो.

पंचशीला


नायगाव
२३ सप्टेंबर २०२५

बुद्धप्रिया,

रविवारी तुम्ही दोघी आलात, त्याबद्दल काहीतरी लिहायलाच हवं, कारण तिथे आपण तिघी मिळून दहा वाक्यंही बोललो नाही. तुला दिसलं ते तुला माहीत आहे. मला माझ्या जागेवरून काय दिसलं ते सांगते.

लुंबिनी आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. गाडीतून उतरल्यावर तिने तुझ्याकडेही बघितलं नाही आणि माझ्याकडेही. चंडोलाची वाट बघत आपण पाऊण तास उभ्या राहिलो आणि तो आला नाही. ढग फार होते, कदाचित घरट्यांचा मोसम संपला असेल. साडेअकराला मला वाटलं, आता ही पोरगी म्हणेल की आत्याने पुन्हा एक गोष्ट रचली. ती म्हणाली, 'आत्या, तू त्या दिवशी उभी होतीस तिथं जाऊन उभी राहा. मी बाबाच्या जागेवर जाते. ऐकू आलं तर हात वर कर. मम्मी, तू टेकाडावर थांब, तुला दोघीपण दिसायला पाहिजे.'

ही माझीच पद्धत. वर्गात मी मुलांना हेच शिकवते, एकाने ऐकायचं, एकाने करायचं, एकाने बघायचं.

मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. वारा त्या दिवशीसारखाच उलटा होता. हात वर केलाच नाही तर? ही शंका माझ्या मनात आली, हे तुझ्यापासून लपवत नाही. तीन-चारशे पावलं, उलटा वारा, पन्नाशी उलटलेली बाई. नाही आलं ऐकू, असं झालं असतं. माझ्या पत्रावर विश्वास ठेवून आलेली पोरगी अर्ध्या शंकेवर परत गेली असती आणि मला त्या अर्ध्या शंकेत उरलेलं आयुष्य काढता आलं असतं.

पहिल्यांदा तीन शिट्ट्या आल्या. बापानेच शिकवलेल्या असणार, तिसरी शेवटाला वर चढली. मी हात वर केला. टेकाडावरून तूही हात वर करून तिला खूण दिलीस.

दुसऱ्यांदा तिने हळू मारली. मी हात वर केला.

तिसऱ्यांदा बराच वेळ काही झालं नाही. मला टेकाडामुळे ती दिसत नव्हती, तू मात्र तिच्याकडेच बघत होतीस. मग शिट्टी आली, आखूड, मोडकी, जमिनीलगतून. मला कळलं, ती गवतात आडवी झाली आहे. कुशीवर झाली असेल, मी पत्रात लिहिलं होतं तशी. पडलेल्या माणसाची शिट्टी तिथवर जाते का, हे तिला बघायचं होतं. तीसुद्धा ऐकू आली. मी हात वर केला.

त्या वेळी तू माझा हात बघायला वळली नाहीस. तू धावलीस.

ते तिचं नाटक होतं हे तुला माहीत होतं. थोड्या वेळापूर्वी तुझ्यासमोर ठरलं होतं. ती धडधाकट सतरा वर्षांची पोरगी आहे आणि मुद्दाम पडली आहे, हे नर्स असलेल्या बाईला सांगायला नको. तरी अर्धी शिट्टी कानावर पडल्याबरोबर तू टेकाडावरून अशी सुटलीस की ओढणी बोरीच्या काट्याला अडकून मागे राहिली, आणि तू वळून बघितलं नाहीस. 'लुंबे' म्हणून ओरडलीस. मग तू पलीकडे उतरलीस आणि मला दिसेनाशी झालीस.

त्यानंतर मला रडणं ऐकू आलं. आधी एकीचं, मग दोघींचं. तेही शिट्टीइतकंच स्वच्छ ऐकू येत होतं. 'मम्मी, मम्मी' हे पोरीने किती वेळा म्हटलं ते मी मोजलं नाही.

मी तिकडे आले नाही. येऊ नये एवढं मला त्या दिवशी कळलं. तुम्ही दोघी पलीकडच्या वाटेनेच सडकेवर उतरलात. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी हात वर करून उभी होते.

पंचशीला